सिस्टिम कॉल : संदिग्ध वर्तनाची नोंद

संगणकावर चालणारी आज्ञावली फाइल उघडणे, तीत मजकूर लिहिणे, दुसऱ्या संगणकाशी संपर्क साधणे यांसारखी कामे स्वतः करीत नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, म्हणजे कर्नेलकडून, करवून घेते. अशा प्रत्येक मागणीस सिस्टिम कॉल म्हणतात. मागणी कशी करावी, तिचे उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल व काम न झाल्यास कोणता त्रुटिसंकेत येईल, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. आज्ञावलीकार कर्नेलचा अंतर्भाग सहसा पाहत नाही. त्यामुळे पुस्तिकेतील शब्द हाच त्याचा आधार असतो. जेथे वर्तन निश्चित नाही तेथे ती अनिश्चितताही नेमक्या शब्दांत नोंदविणे, हे पुस्तिकालेखनाचे एक महत्त्वाचे व अवघड अंग होय.

इतिहास : बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी तयार केलेल्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिचा दुसरा विभाग सिस्टिम कॉलसाठी राखलेला होता. नाव, मागणीचे रूप, वर्णन व संबंधित नोंदी यांबरोबरच ‘बग्ज’, म्हणजे दोष, असे उपशीर्षकही तीत होते. ज्ञात उणिवा पुस्तिकेतच मांडण्याची ही प्रथा पुढे लिनक्सच्या पुस्तिकेनेही चालविली.

युनिक्सच्या अनेक शाखा निर्माण झाल्यावर एकच सिस्टिम कॉल निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळ्या रीतीने वागू लागला. त्यांत एकवाक्यता आणण्यासाठी १९८८ मध्ये पॉसिक्स हे मानक प्रसिद्ध झाले. जेथे मतैक्य शक्य नव्हते, तेथे या मानकाने अनिश्चिततेचेच वर्गीकरण केले. काही बाबतींत निर्मात्याने वर्तन ठरवावे व ते लिहून ठेवावे, अशी अपेक्षा असते. काही बाबतींत अनेक पर्याय ग्राह्य असतात, पण निवडलेला पर्याय लिहून ठेवण्याचे बंधन नसते. तर मागणीच चुकीची असल्यास परिणामाविषयी कोणतीच हमी नसते.

क्लोज : उघडलेल्या प्रत्येक फाइलीस कर्नेल एक लहान क्रमांक देतो. ‘क्लोज’ या सिस्टिम कॉलने तो परत केला जातो. हे काम चालू असताना संदेश येऊन व्यत्यय आला, तर ‘ईआयएनटीआर’ हा त्रुटिसंकेत मिळू शकतो. अशा वेळी क्रमांक मोकळा झाला की नाही, हे पॉसिक्सच्या २००८ च्या आवृत्तीने अनिर्दिष्ट ठेवले होते. लिनक्समध्ये तो मोकळा झालेला असतो. एचपी-यूएक्समध्ये तो तसाच राहतो व क्लोज पुन्हा करावे लागते. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु लिनक्सवर क्लोज पुन्हा केल्यास, मधल्या काळात तोच क्रमांक आज्ञावलीच्या दुसऱ्या कार्यप्रवाहाने उघडलेल्या फाइलीस मिळालेला असू शकतो. मग भलतीच फाइल बंद होते आणि कोणताही त्रुटिसंकेत येत नाही. लिनक्सच्या पुस्तिकेत हा धोका स्पष्ट नोंदविलेला असून क्लोज पुन्हा करू नये असे सांगितले आहे. २०२४ च्या पॉसिक्स आवृत्तीने दोन्ही अवस्थांसाठी वेगवेगळे त्रुटिसंकेत ठरवून दिले.

एफसिंक : फाइलीत लिहिलेला मजकूर बहुधा प्रथम स्मृतीत राहतो, तो तबकडीवर पोहोचविण्यासाठी ‘एफसिंक’ हा सिस्टिम कॉल वापरतात. तो अयशस्वी होऊ शकतो, हे पुस्तिकेत होते. तथापि अपयशानंतर स्मृतीतील मजकुराचे काय होते, हे त्यावरून स्पष्ट होत नव्हते. पोस्टग्रेएसक्यूएल या विदासंचय प्रणालीत, पुन्हा प्रयत्न केल्यास राहिलेला मजकूर लिहिला जाईल, असे गृहीत धरले होते. लिनक्समध्ये मात्र अपयशानंतर तो मजकूर लिहून झाल्याची खूण होऊ शके. त्यामुळे दुसरा प्रयत्न यशस्वी ठरे आणि मजकूर तबकडीवर नसे. २०१८ मध्ये ही गोष्ट चर्चेत आली. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेएसक्यूएल असे अपयश येताच काम थांबविते आणि आधी लिहून ठेवलेल्या नोंदवहीवरून विदा पुन्हा उभी करते.

नोंदीची रीत : चांगल्या नोंदीत हमी व निरीक्षण यांची सरमिसळ नसते. मानक काय सांगते, अमुक आवृत्तीत प्रत्यक्षात काय घडते आणि आज्ञावलीकाराने कशावर विसंबू नये, हे तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. निरीक्षण लहान चाचणी-आज्ञावलीने व कर्नेलच्या मूळ संहितेवरून पडताळले जाते. येथे एक पेचही असतो : दिसलेले प्रत्येक वर्तन लिहिल्यास वाचक ते वचन समजतो आणि पुढे कर्नेलमध्ये सुधारणा करणे कठीण होते. म्हणून पुष्कळदा ‘याची हमी नाही’ एवढेच वाक्य सर्वांत उपयुक्त ठरते. ते गाळल्यास पुस्तिका मौन राहते, आणि त्या मौनाचा अर्थ प्रत्येक वाचक आपल्या सोयीनुसार लावतो. त्या अर्थाची किंमत मात्र ज्याची विदा नष्ट होते त्यास द्यावी लागते.