खालच्या मजल्यावर कोण राहतं?

आई म्हणाली, "सव्वा किलो रवा आण." तुम्ही पिशवी घेऊन धावलात. दुकानदारकाकांनी रवा काट्यावर ठेवला आणि लाल आकडे उजळले : १.२५०. आता आली का पंचाईत? सव्वा तर कुठे दिसतच नाही!

आहे, तिथेच आहे. फक्त त्याला दुमजली घरात न्यायला हवं. अपूर्णांक म्हणजे दुमजली घरच की! खालच्या मजल्यावर राहतो छेद. एका अख्ख्या वस्तूचे तुकडे किती केले, ते तो सांगतो. वर राहतो अंश. त्यातले किती तुकडे आपण उचलले, ते तो सांगतो.

१.२५० मध्ये टिंबानंतर आकडे किती? तीन. मग १ पुढे तीन शून्यं मांडा, झाला छेद १०००. टिंब पुसून उरलेले आकडे वर चढवा : १२५०/१०००. बाप रे, केवढं मोठं घर! दोन्ही मजल्यांना २५० ने भागा. उरलं ५/४. म्हणजे पाच वेळा पावकिलो. पाच पाव म्हणजेच सव्वा. काकांचा हिशेब चोख!

"पण नुसता ३ असला तर? त्याला कुठे खालचा मजला आहे?" आहे ना! तिथे १ बसलाय, चिडीचूप. ३ म्हणजे ३/१. तीन भाकऱ्या घेतल्या आणि एकही मोडली नाही, एवढंच. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त हा नियम सांगितलाय : ज्या संख्येला छेद नाही, तिचा छेद १ धरावा. गंमत म्हणजे तेव्हा अंश आणि छेद यांच्यामध्ये रेघ नसायची, नुसते एकाखाली एक आकडे. हा लपलेला १ कामाला कधी येतो? ३ मध्ये १/४ मिळवायचे असले की. ३/१ म्हणजे १२/४. त्यात १/४ घाला, झाले १३/४. सव्वातीन!

आता चला मैदानावर. धावपट्टीची एक फेरी ४०० मीटरची. म्हणजे किलोमीटरचा केवढा भाग? इथे एक खबरदारी घ्या. वर मीटर आणि खाली किलोमीटर अशी खिचडी करायची नाही. ४००/१ लिहिलंत, तर एका फेरीत ४०० किलोमीटर धावावं लागेल! खालीही मीटरच हवेत : ४००/१०००. दोन्हींना २०० ने भागा, आले २/५. दोन फेऱ्या ४/५. आणखी अर्धी मारली की ५/५. म्हणजे अडीच फेऱ्यांत बरोब्बर एक किलोमीटर.

'अडीच' हा शब्द आलाय संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' वरून. म्हणजे 'तिसरा अर्धा'. तुम्ही धावलात अगदी तस्संच : दोन फेऱ्या पुऱ्या, तिसरी अर्धी.

अशीच अडीचची जादू घड्याळातही आहे. पूर्वी दिवसरात्र मिळून ६० घटका मोजत. एक घटका २४ मिनिटांची. तासाची मिनिटं ६०, म्हणून २४/६०. पुन्हा २/५! म्हणजे अडीच फेऱ्यांचा किलोमीटर, तसा अडीच घटकांचा तास.

आता एक कोडं. 'औट घटकेचा राजा' असं आजी म्हणते ना? औट म्हणजे साडेतीन. मग हा राजा किती वेळ गादीवर बसला?

साडेतीन म्हणजे ७/२, एक घटका म्हणजे २/५ तास. दोघांचा गुणाकार ७/५ तास, म्हणजेच १.४ तास, म्हणजेच ८४ मिनिटं. एवढ्या वेळात सव्वा किलो रव्याचे लाडू होतात का, ते मात्र आईलाच विचारा!