स्विफ्टमधील कम्प्लीशन हँडलर

कम्प्लीशन हँडलर म्हणजे स्विफ्ट या संगणकीय भाषेत, काम पूर्ण झाल्यावर चालवण्यासाठी फंक्शनकडे सोपवलेले क्लोजर होय. समजा, एखादे ॲप देहूरोड स्थानकावरील पुणे–लोणावळा लोकलच्या वेळा सर्व्हरकडून मागवते. मागणी करणारे फंक्शन लगेच संपते, उत्तर मात्र नंतर येते. तोवर क्लोजर जपून ठेवावे लागते. म्हणून स्विफ्ट ३ (२०१६) पासून अशा क्लोजरच्या प्रकारापुढे ‘एस्केपिंग’ लिहिणे आवश्यक आहे.

दिलेल्या क्लोजरचा प्रकार अपेक्षित प्रकाराशी जुळावा लागतो. यूआरएलसेशनच्या डेटाटास्कला डेटा, रिस्पॉन्स व एरर ही तीन ऑप्शनल मूल्ये घेणारे आणि काहीही परत न करणारे क्लोजर लागते. दोनच मूल्ये घेणारे क्लोजर कंपायलर नाकारतो. नवशिक्यांना अधिक छळते ती निराळीच चूक: आत हाताळणी न केलेला एक ‘ट्राय’ राहिला, तरी क्लोजर एरर फेकणाऱ्या प्रकाराचे ठरते आणि जुळत नाही.

हँडलर खरोखर बोलावला जातो की नाही, हे मात्र कंपायलर तपासत नाही. नेटवर्क तुटल्यावरच्या वाटेत तो बोलावायचा राहिला, तर फलाटावरच्या प्रवाशासमोर चक्र फिरतच राहते. स्विफ्ट ५.५ (२०२१) मधील असिंक फंक्शनला प्रत्येक वाटेवर मूल्य परत करावे किंवा एरर फेकावी लागते, त्यामुळे तिथे ही चूक कंपायलरच पकडतो.