पुढे दोन, मागे दोन : वीज कशी वाटायची?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. अनेक टॅक्सींत मागच्या काचेखाली दोन स्पीकर असत. समजा, अशा गाडीत पुढेही दोन बसवायचे आहेत. त्यांना वीज कशी पुरवावी?

गाडीतल्या स्पीकरचा रोध साधारणपणे ४ ओहम असतो. वर्धकाच्या एका वाहिनीने ४ व्होल्ट दिले, तर ओहमच्या नियमानुसार १ अँपिअर प्रवाह वाहील आणि ४ वॅट शक्ती मिळेल.

त्याच वाहिनीला पुढचा व मागचा स्पीकर समांतर जोडला, तर एकूण रोध २ ओहम होतो आणि प्रवाह दुप्पट! वर्धक तेवढ्यासाठी बनवलेला नसेल, तर तो तापून जळू शकतो. दोन्ही एकसर जोडले, तर रोध ८ ओहम होतो. वर्धक सुरक्षित राहतो, पण प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला १ वॅटच येतो.

म्हणून चार वाहिन्यांचा वर्धक उत्तम. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र वाहिनी मिळते आणि पुढचा-मागचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो.

गिरगावाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीला गेलात, तर वर्धकावर लिहिलेला किमान रोध आधी पाहा. आणि आवाज इतकाच ठेवा, की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू येईल!