घाट उतरताना पेट्रोल कोण पितो?

सेनगावहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीने कोणताही रस्ता धरला, तरी शेवटी तिला सह्याद्री उतरावाच लागतो. जुन्या वाटेवर वळणांचे घाट आहेत. सन २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ पावणेआठ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. त्याने वळणे चुकतात, पण उंची काही चुकत नाही.

घाटमाथा आला की पुष्कळ चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. कुणी तर इंजिनच बंद करतो. गाडी आपसूक उतरते आहे, मग पेट्रोल कशाला जाळायचे, हा त्यांचा हिशेब. विद्यार्थिमित्रांनो, हा हिशेब आपण तपासून पाहू.

खंडाळा ते खोपोली हा उतार सुमारे ५०० मीटरचा धरू. गाडीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम असेल, तर तिची स्थितिज ऊर्जा वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, म्हणजे १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२० लाख ज्यूल मिळतात; त्यांतला चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे मानू. म्हणजे एवढी उंची चढायला साधारण सहाशे मिलिलिटर पेट्रोल लागते. उतरताना ही ऊर्जा परत मिळते, पण पेट्रोलच्या रूपात नव्हे. काही वाऱ्याशी आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली कुठेतरी जिरवावी लागते, नाहीतर वेग वाढतच राहील.

गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर ती सारी ब्रेकच्या वाट्याला येते. समजा ३५ लाख ज्यूल उरले आणि ब्रेकच्या लोखंडी चकत्या मिळून २० किलोग्रॅमच्या आहेत. लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅममागे, अंशामागे सुमारे ४५० ज्यूल. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तापमान जवळजवळ ३९० अंश सेल्सियसने वाढेल! वाऱ्याने चकत्या थोड्या निवतात हे खरे, पण तापलेल्या ब्रेकची पकड ढिली पडते. ब्रेकमधील तेल उकळले, तर पायाखालचा पट्टा नुसताच दबतो. घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता पेट्रोलचे पाहू. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर फिरत राहते. लहान गाडीचे इंजिन असे नुसते फिरताना तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पिते. पंधरा मिनिटांच्या उतारात ते दोनशे मिलिलिटरच्या आसपास होते.

गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर मात्र गंमत होते. आजच्या इंधन-फवारणीच्या गाड्यांत संगणक ओळखतो की चाकेच इंजिनाला फिरवत आहेत, आणि पेट्रोल पूर्ण बंद करतो. फेरे फारच कमी झाले की ते पुन्हा सुरू होते, म्हणजे इंजिन बंद पडत नाही. न्यूट्रलपेक्षा गिअरमध्ये खर्च कमी! कारब्युरेटरच्या गाड्यांत ही सोय सहसा नव्हती. तेव्हापासूनची समजूत अजून टिकून आहे.

शिवाय तसे फिरणारे इंजिन स्वतःच ब्रेक बनते. सुई नसलेल्या सिरिंजच्या तोंडावर बोट ठेवून दांडा ओढून पाहा. इंजिनाचे दट्टे असाच जोर खातात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या चालकांची रीत यावरच उभी आहे. स्वयंचलित गिअरच्या गाडीत त्यासाठी ‘डी’ऐवजी ‘२’ किंवा ‘एल’ निवडावे.

उतार अगदी सौम्य असेल, तर गिअरमधली गाडी मंदावते आणि न्यूट्रलमधली दूरवर घरंगळते, हे मान्य. पण घाट सौम्य नसतो.

इंजिन बंद करणे तर आत्मघातच. ब्रेक दाबायला मदत करणारी निर्वात पेटी दोन-तीन दाबांत रिकामी होते. सुकाणू जड होते. जुन्या पद्धतीच्या स्वयंचलित गाडीत गिअरपेटीला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. तो थांबला की फिरते दाते कोरडे घासतात.

वाया जाणारी ऊर्जा परत मिळवण्याची युक्ती विजेच्या गाड्यांना साधली आहे. उतारावर त्यांची मोटर जनित्र बनते आणि बॅटरी भरते. नव्या विद्युत इंजिनांच्या आगगाड्या घाट उतरताना वीज चक्क वरच्या तारेत परत सोडतात, आणि ती वीज त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळू शकते.