ऑपरेशन झाले, आता घराची जबाबदारी

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांची धास्ती वाढते. पाय मोडलेला रुग्ण सीपीआरमध्ये किंवा खासगी दवाखान्यात जातो आणि रॉड किंवा प्लेट बसवून घरी येतो. सुटलो, असे आपल्याला वाटते. पण मांडीचे किंवा नडगीचे हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि ते दिवस आपल्याच घरात जातात.

रुग्णाची सेवा म्हणजे त्याला हलू न देणे, अशी आपली समजूत असते. ही माया महागात पडते. पडून राहिल्याने सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणूनच खुब्याचे ऑपरेशन झालेल्या दादीलाही शक्यतो दुसऱ्याच दिवशी आधाराने उठवतात. मात्र पायावर भार किती द्यायचा, हे सर्जनकडून कागदावर लिहून घ्यावे.

व्यायाम शिकवणारा पुरुष असला की आपल्या अनेक भगिनी संकोचाने व्यायामच सोडतात. अशा वेळी महिला फिजिओथेरपिस्ट मिळेल का, हे स्पष्ट विचारावे. नसल्यास घरातील एखाद्या स्त्रीने व्यायाम शिकून घ्यावा.

पायाचा रस्सा खुशाल द्या, पण अंडी, डाळ, दूध, मासेही हवेत. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद ठेवावी, कारण निकोटीनमुळे हाड उशिरा जुळते. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी. प्लेट बसवलेल्या पायाला मालीश नको.

नमाजची चिंता अनेकांना सतावते. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. वजू करताना प्लास्टरवर ओला हात फिरवण्याची मुभा आहे. सवलत असताना दुखऱ्या पायाला त्रास कशाला?

पोटरी सुजली, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर लगेच १०८ ला फोन करावा.

आजाऱ्याची विचारपूस हे पुण्यकर्म आहे. भेटायला गेल्यावर उशाशी बसून अपघाताचीच चर्चा करण्यापेक्षा, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर रुग्णाला आधार देऊन चार पावले सोबत चालावे.