विममधून बाहेर पडता येतं, बॉस!

गिटवर पहिलाच कमिट करताना मेसेज द्यायचा राहिला, की बऱ्याच मशिनवर एकदम काळा स्क्रीन उघडतो. ना मेन्यू, ना बटणं. सवयीने कंट्रोल-एस दाबलं तर काही टर्मिनल चक्क गोठतात (कंट्रोल-क्यू दाबा, सुटतील). टाइप करायला जावं तर अक्षरं उमटायच्या ऐवजी ओळीच गायब! वेलकम टू विम. 'यातून बाहेर कसं पडायचं?' हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. म्हणजे अडकलेले तुम्ही एकटे नाही.

आता म्हणाल, इतके मस्त एडिटर असताना ही डोकेदुखी कशाला? तर दूरच्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन केलं, की समोर बहुतेकदा फक्त टर्मिनल असतं. इंटर्नशिपमध्ये सिनिअरने 'ती कॉन्फिग फाइल जरा बदल' म्हटलं आणि आपण भलतंच सेव्ह केलं, तर चालू वेबसाइट बंद पडू शकते.

हा असा का वागतो?

विमचा पूर्वज म्हणजे व्हीआय. बिल जॉय यांनी तो १९७६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिहिला. तेव्हाचा ३०० बॉडचा मॉडेम सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं पाठवायचा. अख्खा स्क्रीन भरायला मिनिटभर लागायचं! म्हणून कमीत कमी बटणांत जास्तीत जास्त काम. एस्केप दाबलं की प्रत्येक बटण म्हणजे हुकूम, 'आय' दाबलं की साधं टायपिंग. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी यातूनच १९९१ मध्ये विम आणला. तो फुकट आहे. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा, एवढंच त्यांचं आवाहन. २०२३ मध्ये ते गेले, पण विम उघडल्यावर ती ओळ आजही दिसते.

सेव्ह: दिसतं ते फाइलमध्ये नसतं

ही एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं टेन्शन खलास. विम फाइल उघडतो तेव्हा तिची प्रत मेमरीत घेतो. तिला म्हणतात बफर. आपण खोडाखोड करतो ती बफरमध्ये; डिस्कवरची फाइल जशीच्या तशी असते. एस्केप दाबून 'कोलन डब्ल्यू' आणि एंटर केलं, की बफर फाइलवर लिहिला जातो. म्हणूनच गोंधळ झाला तर 'कोलन क्यू' आणि उद्गारचिन्ह देऊन बिनधास्त बाहेर पडा. शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जाईल, मूळ फाइल सुरक्षित.

'कोलन डब्ल्यू'पुढे नवं नाव दिलं तर त्या नावाची कॉपी तयार होते, पण तुम्ही जुन्याच फाइलमध्ये राहता. नव्या फाइलमध्ये जायचं असेल तर 'कोलन सेव्हॅज'. इथे भलेभले फसतात. कॉपी करून निर्धास्त बदल करत बसतात आणि पुढच्या सेव्हला ओरिजिनलचीच वाट लागते!

कॉपी: दोनदा वाय, एकदा पी

'वायवाय' म्हणजे ओळ कॉपी, 'डीडी' म्हणजे कट, 'पी' म्हणजे पेस्ट. आधी ३ दाबून 'वायवाय' केलं तर तीन ओळी. गंमत अशी, की डीडीने उडवलेली ओळही त्याच खिशात जाते. कॉपी केली, मधेच दुसरी ओळ उडवली, तर पी दाबल्यावर उडवलेलीच परत येते. घाबरू नका. कॉपी केलेलं शून्य नंबरच्या खिशात शाबूत असतं. दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य, पी असं ओळीने दाबा.

फाइल बदलताना

दुसरी फाइल उघडायला विम बंद करायची गरज नाही. 'कोलन ई' आणि फाइलचं नाव. आधीच्या फाइलमधले बदल सेव्ह केले नसतील तर विम सहसा अडवतो. हा त्रास नव्हे, इशारा आहे. आधी 'कोलन डब्ल्यू' करा. 'कोलन एलएस'ने उघडलेल्या फाइल नंबरांसकट दिसतात, 'कोलन बी २'ने दोन नंबरवर उडी. दोनच फाइलमध्ये ये-जा असेल तर कंट्रोल आणि ६. एकीत 'वायवाय', दुसरीत 'पी'. खिसा दोघींना एकच! पण दोन वेगळ्या टर्मिनलमध्ये दोन विम उघडले, तर हे असं सरळ चालत नाही.

खिशात ठेवा

• काहीही कळेनासं झालं: एस्केप

• चुकलं: यू (अनडू)

• सेव्ह करून बाहेर: कोलन डब्ल्यूक्यू

• उघडलेल्या सगळ्या फाइल सेव्ह: कोलन डब्ल्यूए

• मधेच लाइट गेली: विम साधारण २०० अक्षरांनी किंवा चार सेकंद हात थांबला की स्वॅप फाइलमध्ये नोंद ठेवतो. 'विम', मग डॅश-आर आणि फाइलचं नाव दिलं, की बरंचसं काम परत मिळतं.

प्रॅक्टिससाठी टर्मिनलवर 'विमट्यूटर' टाइप करा. अर्ध्या तासाचा धडा आहे, आणि तो फाइलच्या कॉपीवरच चालतो. कितीही मोडतोड करा!