देवाच्या येण्याजाण्याची वही

माझी सगळी नोकरी पावसाच्या नोंदी करण्यात गेली. त्यामुळे जपानला गेल्यावर मुलीला म्हटलं, तुम्ही क्योतो बघा, मी सुवाला जाते.

सुवा हे नागानो प्रांतातलं तळं, समुद्रसपाटीपासून ७५९ मीटर उंचीवरचं. दक्षिण आणि उत्तर काठांकडे सुवा तैशा या शिंतो देवस्थानाची दोन-दोन देवळं आहेत. शिंतो देवळात मूर्ती शोधू नये. इथे उत्तरेच्या दोन्ही देवळांत तर गाभाराच नाही: आकिमियात एक झाड देव, हारुमियात दुसरं. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं, झालं दर्शन. मांसाहार निषिद्ध मानला जाई त्या काळात इथून हरणाचं मांस खायचा परवाना मिळायचा. तो कागद आजही मिळतो. व्यवहारी देव!

मी गेले ती मात्र ‘ओमिवातारी’साठी. तळं पूर्ण गोठलं की रात्रीच्या थंडीत बर्फ आकसतो, तडे जातात, तड्यांत पाणी चढून गोठतं. दिवसा बर्फ फुगतो, जागा नसते, मग तो गडगडाट करत उभा राहतो आणि तळ्यावर लांबच लांब बांध उमटतो. लोक म्हणतात, दक्षिणेचा देव ताकेमिनाकाता उत्तरेच्या बायकोला, यासाकातोमेला, भेटायला गेला, त्याची ही वाट.

ही वाट कधी उमटली, याची नोंद १४४३ पासून आहे. आज ती यात्सुरुगी देवळाचे पुजारी ठेवतात. जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत ते गावकऱ्यांसह रोज पहाटे काठावर येऊन पाण्याचं तापमान घेतात. बांधाच्या दिशेवरून पिकाचं भाकीतही करतात. त्यावर माझा विश्वास नाही, नोंदीवर आहे. काहीच घडलं नाही तरी ते तसं लिहितात. कोरा रकाना आणि शून्य यांतला फरक आमच्या साहेबांनाही समजावून सांगावा लागे.

शास्त्रज्ञांनी या वह्या तपासल्या. पहिल्या अडीचशे वर्षांत तळं न गोठल्याची वर्षं फक्त तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. पुढच्या दहांत पाच. २०१८ मध्ये बांध उमटला होता. त्यानंतर वर्षामागून वर्ष ‘उघडा समुद्र’, म्हणजे बांध नाही, अशीच नोंद होत गेली.

तेव्हा बर्फाच्या भरवशावर जाऊ नका. २०२८ च्या वसंतात ओनबाशिरा आहे: डोंगरातून १६ प्रचंड ओंडके उतारावरून घसरत आणतात, वर माणसं बसलेली, आणि प्रत्येक देवळाभोवती चार-चार उभे करतात. टोकियोतल्या शिंजुकूहून आगगाडीने दोन-सव्वादोन तास लागतात. खोली मात्र फार आधी धरून ठेवा.